पहिल्या शुक्रवारचं चौथं घर

मी मुळातच घाबरट बाई. लिफ्टमध्ये एकटी जात नाही. गॅसचा कॉक दोनदा बघितल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकत नाही. फोनवर अनोळखी नंबर दिसला की तो वाजून बंद होईपर्यंत दुसऱ्या खोलीत जाऊन बसते. असल्या बाईला आमच्या फादरांनी आजाऱ्यांना परमप्रसाद नेऊन द्यायच्या सेवेसाठी का निवडलं, हे मला अजून कळलेलं नाही. “तुम्ही कधी घाई करत नाही,” असं ते म्हणाले होते. शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं टेबलामागे काढलेली बाई घाई कशाला करेल, असं मनात आलं. पण फादरांना नाही म्हणायचीही भीतीच, म्हणून हो म्हटलं.

काम सांगायला सोपं आहे. जे म्हातारपणामुळे किंवा आजारपणामुळे मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, येऊ शकत नाहीत, त्यांच्या घरी महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी जायचं. सकाळची मिस्सा संपली की फादर एका लहानशा गोल डबीत सहा होस्ट ठेवतात. होस्ट म्हणजे परमप्रसादाची, गव्हाची पातळ पांढरी चकती. मिस्सेत तिचं ख्रिस्ताचं शरीर होतं हा आमचा विश्वास, आणि तो विश्वास असला की डबी किती जड होते ते ज्याने नेली त्यालाच ठाऊक. ती एका कापडी पिशवीत घालून गळ्यात अडकवायची, वर ओढणी घ्यायची आणि निघायचं.

त्याआधी चार शनिवार आम्हाला चर्चच्या हॉलमध्ये शिकवलं. डबी गळ्यात असताना वाटेत थांबायचं नाही. गप्पा मारायच्या नाहीत, फोन घ्यायचा नाही, कोपऱ्यावर ताजे बोंबील दिसले तरी भाव विचारायचा नाही. प्रभूला घेऊन तुम्ही चाललाय, त्याला बाजारहाट करायला लावू नका, असं शिकवणाऱ्या सिस्टर म्हणाल्या आणि सगळे हसले. मी हसले नाही, लिहून घेतलं. ज्याला गिळायला त्रास होतो त्याच्या घरच्यांना आधी विचारायचं, हेही लिहून घेतलं. मग नखाएवढा तुकडा, चमचाभर पाणी, आणि तो पोटात गेला याची खात्री होईपर्यंत तिथेच बसायचं. निळ्या शाईत, खाली रेघ मारून. ती वही कपाटात आहे.

आमचं गावठाण अंधेरी पूर्वेला, मेट्रोच्या खांबांपासून आत वळलं की बेकरीच्या मागे. चारही बाजूंनी टॉवर उठलेत, त्यांच्या मध्ये आमच्या कौलांच्या आणि पत्र्यांच्या चार गल्ल्या आणि मधोमध चुन्याने रंगवलेला क्रूस. माझी सहा घरं याच गल्ल्यांत. पहिल्या घरात दोन बहिणी, त्यांतली एक अंथरुणाला खिळलेली. चौथं घर मास्तरांचं.

मास्तर म्हणजे आमच्या चर्चच्या गाण्याचे मास्तर. चाळीस वर्षं त्यांनी व्हायोलिन वाजवलं आणि आम्हा पोरींकडून गाऊन घेतलं. मी आठ वर्षांची असताना नाताळच्या मिस्सेत मला एकटीला एक कडवं गायचं होतं. भीतीने माझा आवाजच फुटेना, तर मास्तरांनी सगळ्या चर्चसमोर तीच सुरावट तीनदा वाजवली, जणू ती तशीच होती. चौथ्यांदा माझ्या तोंडून शब्द निघाला. एवढ्या वर्षांत त्यांनी त्याचा उल्लेख कधी केला नाही.

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. बायको आधीच गेलेली, मुलगा जहाजावर. सगळं करते ती सून. ती जालन्याकडची, बौद्ध घरातली, इकडे औद्योगिक वसाहतीत नोकरीला असताना मास्तरांच्या मुलाशी ओळख झाली. लग्न परवानगी काढून चर्चमध्येच लागलं, पण बाप्तिस्मा तिने घेतला नाही आणि मास्तरांनीही कधी विषय काढला नाही. झटक्याआधी दर रविवारी ती त्यांना रिक्षातून आणायची, शेवटच्या बाकावर त्यांच्या शेजारी बसायची, सगळे परमप्रसादाला उठले की पाय आत घेऊन वाट द्यायची. गावठाणातल्या काही बायकांना हे खुपायचं. मी त्या बायकांत नव्हते, पण त्यांना गप्पही कधी केलं नाही. तेवढा धीर माझ्यात कुठला.

ऑक्टोबरचा पहिला शुक्रवार होता. मी त्यांच्या घरात शिरले तेव्हा मास्तर कॉटवर उशीला टेकून बसलेले, अंगात धुतलेला पांढरा शर्ट. पहिल्या शुक्रवारी ती त्यांना तोच शर्ट घालायची. आत मोरीत पाण्याचा आवाज येत होता. ती कपडे धूत होती. मी हाक मारायला हवी होती. घरच्यांना आधी विचारायचं, निळ्या शाईत, खाली रेघ.

नाही मारली. म्हटलं, कशाला तिला ओल्या हाताने उठवायचं. खरं सांगायचं तर तिला विचारणं मला जड जात होतं. जिने स्वतः कधी परमप्रसाद घेतला नाही, तिला मी विचारायचं, देऊ की नको? हे तेव्हा मी स्वतःशीही कबूल केलं नव्हतं.

डबी उघडली. तुकडा मोडायला होस्ट बोटांत धरला आणि मास्तरांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून तोंड उघडलं होतं, जसं लहानपणापासून उघडत आले असतील. या माणसाला मी नखाएवढा चुरा देऊ? मला ते अपमानासारखं वाटलं. मी अख्खा होस्ट त्यांच्या जिभेवर ठेवला. पाणी दिलं नाही, कारण पाणी मागायला तिला हाक मारावी लागली असती. त्यांनी तोंड मिटलं. मी प्रार्थना म्हटली, त्यांच्या कपाळावर क्रूसाची खूण केली आणि निघाले.

फाटकाची कडी लावताना आतून खोकला ऐकू आला. साधा खोकला नव्हता. आत अडकलेल्या माणसाचा होता, मधेच तुटणारा. माझा हात कडीवर तसाच राहिला.

मी थांबले नाही. डबी गळ्यात होती, तीत दोन होस्ट होते, दोन घरं वाट बघत होती, आणि वाटेत थांबायचं नाही हा नियम होता. खरोखर हेच शब्द मनात म्हणत मी गल्ली ओलांडली. पाचव्या घरी प्रार्थना म्हणताना माझी जीभ दोनदा अडखळली. सहाव्या घरच्या आजी म्हणाल्या, “बाय, तुला घाम आलाय, बस जरा.” मी बसले नाही.

दुपारी जेवायला बसले आणि गल्लीत ॲम्ब्युलन्स आली. पुढचा घास तोंडात तसाच राहिला. गच्चीवर जाऊन बघायची हिंमत झाली नाही. बघायची गरजही नव्हती. थोड्या वेळात आमच्या ग्रुपवर मेसेज आला: मास्तर सीरियस, श्वास लागतोय, सगळ्यांनी प्रार्थना करा. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. मीही एक टाकलं. त्या चित्राची आठवण झाली की अजून माझे कान गरम होतात.

संध्याकाळी फादरांचा फोन आला. “सकाळी तुम्ही गेला होतात ना? तेव्हा कसे होते?”

“बरे होते, फादर,” मी म्हटलं.

“घेतला व्यवस्थित?”

“हो.”

साठीला आलेल्या बाईने फादरांशी सरळ खोटं बोलावं, तेही परमप्रसादाबद्दल. फोन ठेवला आणि मी किचनमध्ये जमिनीवर बसले.  दुसऱ्या दिवशी कळलं, न्यूमोनिया आहे, काहीतरी श्वासनलिकेत गेलं असावं असं डॉक्टर म्हणतात. काहीतरी. मला सोडून सगळ्या गावठाणाला वाटत होतं की पेज गेली असेल.

नऊ दिवस मी कसे काढले ते सांगते. प्रत्येक वेळी चर्चची घंटा वाजली की हातातलं काम टाकायची. आमच्याकडे कोणी गेलं की घंटा सावकाश वाजवतात, एकेक ठोका सोडून सोडून. मी पहिला ठोका पडला की दुसरा किती वेळाने येतो ते मोजायची. मिस्सेची नेहमीची घंटा आहे हे कळलं की खुर्चीत बसायची आणि पुढच्या घंटेची वाट बघायला लागायची. रात्री झोप नाही. डोळा लागला की तो खोकला. मास्तर मेले तर मी त्यांना मारलं, आणि मारलं ते देवाच्या हाताने. हा विचार कोणाला सांगणार?

कुमसाराला गेले. कुमसार म्हणजे पापांची कबुली, शनिवारी संध्याकाळी असते. रांगेत उभी राहिले, पुढे दोन माणसं उरली आणि मला आठवलं की गॅसवर दूध आहे. दूध नव्हतं. घरी येऊन पुन्हा गेले. या खेपेला आत गुडघे टेकले, जाळीपलीकडे फादरांची सावली दिसली, आणि मी सांगितलं की मी शेजारणीविषयी वाईट बोलले आणि दोनदा रोजरीची माळ चुकवली. फादरांनी तीन ‘नमो मरिये’ म्हणायला सांगितल्या. मी तीस म्हटल्या. त्याने काय होणार होतं.

हॉस्पिटलमध्ये सगळे जाऊन आले. मी गेले नाही, गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. सून रस्त्यात दोनदा समोरून येताना दिसली. एकदा मी बेकरीत शिरले आणि नको असताना टोस्ट घेतले. दुसऱ्यांदा तिनेच मला बघून रस्ता बदलला. माझी पाचावर धारण बसली. तिला कळलंय, मी म्हटलं. तिने बघितलंय, मुलगा जहाजावरून यायची वाट बघतेय, मग दोघं मिळून फादरांकडे जाणार. चर्चमध्ये माझ्याकडे बघून कुजबुजणाऱ्या बायका मला दिसायला लागल्या. त्या कुजबुजत नव्हत्या, पण मला दिसायच्या.

ऑक्टोबर आमचा रोजरीचा महिना. मरियेची मूर्ती रोज संध्याकाळी एका घरातून दुसऱ्या घरात जाते, सगळी गल्ली त्या घरी जमते, माळ म्हणायची, शेवटी उकडलेले चणे आणि खोबऱ्याचे तुकडे वाटायचे. महिन्याभराची यादी आधीच ठरलेली. त्या शुक्रवारपासून नवव्या दिवशी पाळी मास्तरांच्या घराची होती. मास्तर हॉस्पिटलात, तेव्हा सून नको म्हणेल असं मला वाटलं होतं, खरं म्हणजे आशा होती. तिने ग्रुपवर लिहिलं, पप्पांची पाळी आहे, सगळ्यांनी या.

आणि माळ चालवणार होते मी. तेही यादीत होतं.

त्यांच्या घरात पाय ठेवताना मी दाराची चौकट धरली. कॉट रिकामी, पांढरा शर्ट घडी करून उशीवर. भिंतीवरच्या लाकडी अल्तारावर, म्हणजे देव्हाऱ्यावर, मूर्ती ठेवली होती, खाली मेणबत्त्या. मी माळ सुरू केली. दहा-दहा मण्यांच्या पाच दशकांपैकी कोणत्यात कोण काय म्हणालं, मला काही आठवत नाही. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि पूर्ण वेळ माझ्याकडे बघत होती. चणे वाटून झाले, लोक चपला शोधायला लागले. मीही घाईने उठले.

“आंटी, तुम्ही थांबा,” ती म्हणाली.

सगळे गेले. तिने दार लोटलं.  आता विचारेल, आता, असं म्हणत मी भिंतीला टेकून उभी राहिले. ती अल्तारापाशी गेली, मूर्तीच्या मागे हात घातला आणि स्टीलची छोटी डबी काढली. वेलची ठेवतात तसली.

“आंटी, माझ्याकडून मोठी चूक झालीय,” ती म्हणाली. “कुणाला सांगू नका आधी. मला सांगा, काय करायचं ते.”

डबीत स्वच्छ रुमालाची घडी होती. घडीत होस्ट. एका बाजूने विरघळून आक्रसलेला, वाळून कडक झालेला, मधोमध बोटाचा ठसा.

“पप्पांचा श्वास अडकला होता,” ती म्हणाली. “निळे पडले. मी तोंडात बोट घातलं तर हा टाळूला चिकटलेला. ओढून काढला. काढल्यावर हातात काय आहे ते कळलं. मी तर साधं हात पण लावायचा नाही ना याला? मी बाप्तिस्मा घेतलेला नाही. फेकायचा कसा? म्हणून इथे ठेवला. रोज मेणबत्ती लावते. पण पप्पा काय बरे होईनात. मला वाटतं ते माझ्यामुळेच. मी ओढून काढला म्हणून.”

 नऊ दिवस हिने मला बघून रस्ता बदलला, तो या भीतीने. ज्या नऊ दिवसांत मी घंटेचे ठोके मोजत होते, त्याच नऊ दिवसांत ही इथे एकटी, देवाला हात लावला म्हणून मेणबत्त्या लावत होती. आणि खरं सांगते, माझ्या मनात सगळ्यात आधी काय आलं? सुटले, हे आलं. हिला माहीत नाही. होस्ट बाहेर निघाला, म्हणजे मास्तरांच्या छातीत गेला तो माझा होस्ट नव्हे. मी फक्त म्हणायचं, असू दे, मी बघते, आणि डबी घेऊन घरी जायचं. हिने आयुष्यभर स्वतःला दोष दिला असता आणि वर माझे पाय धरले असते.

तिने रुमाल पुन्हा घडी घालायला घेतला, दोन्ही हातांनी, जपून. ते बघितलं आणि माझ्याच्याने राहवेना.

“तुझी काही चूक नाही,” मी म्हटलं. “मी अख्खा दिला. तुकडा द्यायचा असतो. तुला विचारायचं असतं. विचारलं नाही.”

तिची घडी अर्धवट राहिली.

“आणि मी खोकला ऐकला होता. फाटकापाशी होते. तशीच गेले.”

 बाहेर कोणाची तरी स्कूटर सुरू झाली आणि गेली. मग ती अगदी हळू म्हणाली, “आंटी, मी हाक मारली होती तुम्हाला.”

आता जे लिहिते आहे ते मी इथपर्यंत लिहायचं टाळलं. मला वाटलं होतं, खोकल्यावर भागेल. तेव्हाही तसंच वाटलं होतं.

“ऐकली,” मी म्हटलं. “दोनदा मारलीस.”

ती रडली नाही, ओरडलीही नाही. डबी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “चला मग फादरकडे. दोघी जाऊ.” तिने चपला घातल्या. मला घालता येईनात, बोटं पट्ट्यात शिरत नव्हती, तर तिने खाली बसून घालून दिल्या. तो क्षण मला शिक्षेसारखा आठवतो.

फादर नुकतेच चहा प्यायला बसले होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, फोनवरच्या खोट्यापासून. त्यांचा चेहरा कठोर झाला आणि तसाच राहिला. माझ्याशी ते त्या दिवशी फार बोलले नाहीत. तिला मात्र म्हणाले, “तुझ्यामुळे मास्तर आहेत.” मग पेलाभर पाणी आणून होस्ट त्यात सोडला. तो पूर्ण विरघळल्यावर ते पाणी चर्चच्या मागे मातीत जिरवलं. त्याला दोन दिवस लागले, आणि पाणी जिरवलं तेव्हा आम्ही दोघी तिथे होतो.

मास्तर महिनाअखेरीला घरी आले, अर्धे झालेले. डॉक्टर म्हणाले की झटक्यापासूनच गिळताना थोडंथोडं छातीत जात असणार. त्या सकाळी किती गेलं, माझ्यामुळे किती, मी थांबले असते तर किती कमी, हे कोणी सांगू शकत नाही. मी विचारायचं सोडून दिलंय. भीती सुटलेली नाही, ती आता माझ्याकडे राहायलाच आलीय.

ही सेवा सोडते असं मी फादरांना सांगितलं. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, मास्तरांच्या घरी विचारा, ते नको म्हणाले तर सोडा. मी तिला विचारायला गेले. ती भाजी चिरत होती.

“या,” ती म्हणाली. “पण आल्या आल्या मला हाक मारायची. मी मोरीत असले तरी.”

तेव्हापासून मी हाक मारते. ती हात पुसत येते, मास्तरांना सरळ बसवते, मानेखाली हात देते. मी नखाएवढा तुकडा मोडते, ती चमच्यात पाणी धरते. ते गिळतात, मग ती त्यांच्या गळ्याला दोन बोटं लावून बघते आणि माझ्याकडे बघून मान हलवते. ते झालं की मी निघते. फाटकाची कडी लावते आणि तिथेच उभी राहते, हात कडीवर. डबी गळ्यात असते, पुढची दोन घरं वाट बघत असतात. येणारेजाणारे विचारतात, काय आंटी, काही विसरलं का? मी उत्तर देत नाही. आत ती त्यांच्याशी काहीबाही बोलत असते, भांडी वाजतात, मग रेडिओ लागतो. तो लागेपर्यंत मी हलत नाही.